शनिवारची दाढी

विमल, दातार आणि मी असे तिघं भेटलो की चहा यायच्या आधीच कुणीतरी "तुला आठवतं का गं" म्हणतं, आणि मग चहा गारच प्यावा लागतो. किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. घरात सुतळीचे तुकडे कसे साठतात? कुणी आणलेले नसतात, पण टाकवतही नाहीत. हे तसंच आहे. आमच्याकडे तर खरोखरीचे सुतळीचे तुकडेही ढीगभर होते, कारण आमच्या अभ्यासात विणकाम होतं!

तर पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी बी.एस्सी. झाले आणि ऑक्युपेशनल थेरपी नावाचं एक नवंकोरं शिक्षण घ्यायला गेले. मराठीत व्यवसायोपचार. आजाराने किंवा अपघाताने ज्यांचे हातपाय अधू झाले, त्यांना कामाच्याच सरावातून पुन्हा कामाला लावायचं, एवढंच त्याचं सार. पण एवढं सार डोंबिवलीत समजावून सांगण्यात माझं पहिलं वर्ष गेलं. तासिका मुंबईला व्हायच्या. प्रॅक्टिकलसाठी मात्र आम्हा ठाणे-कल्याणकडच्या तिघांना ठाण्यात, कोपरीला धाडलेलं. मी डोंबिवलीची, विमल ठाण्याचीच, आणि दातार कल्याणचा.

कोपरीत एका धर्मादाय दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक माग, एक सुतारी बाक आणि आमच्या सामंतबाई. बाई विलायतेत शिकून आलेल्या, तरी नऊवारी नेसायच्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. एकदम खाली उतरला की आम्ही तिघं भिंतीला टेकत असू.

आणि घरी होते नाना, माझे वडील. शाळेत गणित शिकवायचे. जगातलं कुठलंही काम आपल्याइतकं नीट कुणी करत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे माझ्या पेन्सिलींना टोक ते काढत, माझ्या वह्यांना कव्हरं ते घालत, माझी पिशवी स्टेशनपर्यंत ते नेत. दाढीसुद्धा स्वतःची स्वतःच. रोज घाईत कुठेतरी कापून घ्यायचं, त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवायचा आणि तशाच हनुवटीने म्हणायचं, "न्हाव्याच्या हाती मान कोण देणार?" सुट्टी फक्त शनिवारी. शनिवारी आमच्या घरात कुणाच्या केसाला धातू लागत नसे.

*

सुतारकामाचं पहिलं काम म्हणजे दोन पट्ट्यांचा सांधा. एका पट्टीला खाच पाडायची, दुसरीला त्या खाचेत जाईल असं कुसू काढायचं, आणि दोन्ही एकमेकींत घट्ट बसवायच्या. मी घरी ओटीवर करवत घेऊन बसले. नाना पाच मिनिटं बघत उभे राहिले. सहाव्या मिनिटाला म्हणाले, "दे इकडे."

दुसऱ्या दिवशी तो सांधा मी बाईंच्या हातात दिला. त्यांनी उजेडात धरून फिरवला, हलवून पाहिला. कुठे फट नाही. कुणी केला म्हणून विचारलं, तर मी म्हटलं मीच. बाईंचा आवाज उतरला. "कुमुद, तुझ्या बोटांवर एकही ओरखडा नाही."

मग मला खरं सांगावं लागलं. बाईंनी एक चिठ्ठी लिहिली आणि घरी दाखव म्हणाल्या. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: नाना, दहापैकी आठ. कुमुद, शून्य.

मी रडतच घरी गेले. नानांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं आता मला तरी बोलतील नाहीतर बाईंना तरी.

नाना म्हणाले, "दोन कशाचे कापले?"

*

त्याच सुमाराला कल्याणहून एक स्थळ आलं. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक आत्या. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. मग आत्याबाईंनी मुलीला काय काय येतं म्हणून विचारलं. गाणं, भरतकाम वगैरे उत्तर त्यांना हवं असणार. आई उत्तर जुळवत होती, तेवढ्यात आत्याबाईंची खुर्ची डुगडुगली आणि त्यांच्या हातातली बशी कलंडली.

काही डुगडुगलं की पक्कं करायचं, हा माझा तेव्हा स्वभावच झाला होता. मी ट्रे खाली ठेवला, आत्याबाईंना उठवलं, खुर्ची उलटी केली, सुतारकामाच्या पिशवीतून पाचर नि हातोडी काढली आणि चार ठोके घालून पाय पक्का केला. खुर्ची सरळ करून त्यांना पुन्हा बसवलं. त्यांनी दोन वेळा हलून पाहिलं. आईने तर पदर तोंडाला लावला होता.

आठवड्याने पत्र आलं. पत्रिका जुळत नव्हती म्हणे. पण खाली आत्याबाईंच्या अक्षरात वेगळी ओळ होती: आमच्या झोपाळ्याची कडी फार करकरते, मुलगी एकदा येऊन बघून जाईल का?

*

आता सामंतबाईंचा नियम सांगते. तो नियम म्हणजे "हात मागे". रुग्ण चहाच्या कपाशी झटापट करतोय, बटणाशी भांडतोय, तर आपण मदतीला जायचं नाही. आपले हात आपल्या पाठीमागे धरून उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडे वडीलधारं माणूस पाण्याच्या तांब्याकडे नुसतं बघायला लागलं तरी घरातली तीन माणसं उठतात. त्या घरांतून आम्ही आलेलो. विमलचे हात तर काही केल्या मागे राहायचे नाहीत. शेवटी तिने पदर पाठीमागे घेऊन त्यात स्वतःची मनगटं गुंडाळली.

तिच्यापुढे होत्या बायाबाई. कोपरीच्याच, उभा जन्म मिठागरात गेलेला. अंगावरून वारं जाऊन उजवी बाजू लुळी पडली होती. उजवा हात दोन महिने मांडीवर नुसता पडून होता. विमलने त्यांच्यासमोर चहा आणि बिस्किट ठेवलं आणि पाठीशी हात बांधून उभी राहिली. बायाबाईंनी डाव्या हाताने कप उचलला. चहा पिता पिता त्या विमलकडे बघत होत्या. तिच्या तोंडाकडे, मग तिच्या खांद्यांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. त्यांचे डोळे भरून आले.

डावा हात कपात अडकलेला. तेव्हा बायाबाईंनी उजवा हात उचलला. हळूहळू, थांबत थांबत तो बिस्किटापर्यंत गेला, बिस्किट धरलं, आणि वर वर येत विमलच्या तोंडाशी आला.

"अगो पोरी, तुजे दोनी हात गेले का? माजा तरी एकच गेलाय. घे, खा."

विमलने ते बिस्किट खाल्लं. सामंतबाईंनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ मागाचे धागे तपासत राहिल्या.

मी हा किस्सा घरी सांगितला. आई रडली. नाना म्हणाले, "हात मागे बांधून उभं राहायचं, याला शिक्षण म्हणतात?" आणि माझ्या पेन्सिलीकडे हात नेला. मी म्हटलं, "नाना, हात मागे." त्या दिवसापासून आमच्या घरात हे भांडण सुरू झालं.

*

दातार आमच्या बॅचमधला एकटा मुलगा, आणि आईचा एकुलता एक. हुशार होता, पण स्नायूंची नावं त्याच्या डोक्यात राहायची नाहीत. मग त्याने युक्ती काढली. शाईने स्वतःच्या डाव्या हातावर एकेक स्नायू काढायचा आणि खाली नाव लिहायचं. मनगटापासून खांद्यापर्यंत सगळा हात निळा. चार दिवस तो हात धुवायचा नाही, जेवायलाही बाही गुंडाळायचा नाही. कॉपी करायचा त्याचा हेतू नव्हता, हे तो आजही शपथेवर सांगतो. परीक्षेच्या सकाळपर्यंत सगळं तोंडपाठ होईल, हा हिशेब.

परीक्षेच्या सकाळी आईने त्याला न्हाऊ घालायचं ठरवलं. महत्त्वाचा दिवस! बाही वर केली आणि तिने कपाळाला हात लावला. नारळाच्या काथ्याने आणि राखेने त्याचा हात खांद्यापासून पंज्यापर्यंत घासून काढला.

दातार तोंडी परीक्षेला आला तो लालबुंद हात घेऊन. परीक्षकांनी एकेका स्नायूला बोट लावून नाव विचारलं आणि पठ्ठ्याने एकही चुकवलं नाही. बाहेर आल्यावर आम्ही कसं जमलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आईने ज्या क्रमाने घासले, त्या क्रमाने आठवले. अजून आग होतेय."

*

आणि मग शेवटच्या वर्षी शिवरामदादा आले.

शिवरामदादांचं कल्याणच्या बाजारात दाढी-कटिंगचं दुकान होतं. पन्नाशीचे, बोलके. पडून उजवं मनगट मोडलं, पट्टी दीड महिना आवळून बांधलेली राहिली, आणि सोडली तेव्हा बोटं काठीसारखी ताठ झाली होती. सहा महिने ते आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसून होते. जुनं गिऱ्हाईक यायचं, बरं वाटतंय का विचारायचं आणि समोरच्या दुकानात जाऊन बसायचं. हे सांगताना ते हसत होते, पण डोळे हातावर होते.

"ताई, बोटं वळतील हो. पन ह्या हातात आता मान कोन देनार?"

नाना म्हणायचे तेच हे शब्द. पण नाना ते ऐटीत म्हणायचे, दादा मात्र खरंच विचारत होते.

बाईंनी शिवरामदादांना माझ्या परीक्षेची केस म्हणून दिलं. अट एकच. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर शिवरामदादा एका माणसाची दाढी करतील. झाली तर मी पास. माझं पास-नापास राहू दे, पण नाही झाली तर ते पुन्हा पायरीवर. हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी वस्तऱ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड केली. बोटं जसजशी वळायला लागली तसतशी एकेक चिंधी सोडत गेले. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोहळा. कोहळ्यावर पांढरी भुकटी असते ना, ती साल न कापता वस्तऱ्याने खरवडायची. पहिल्या दिवशी कोहळा जबर जखमी झाला. दवाखान्याच्या स्वयंपाकघराला रोज कोहळे पोचायला लागले आणि आम्ही दुपारी कोहळ्याची भाजी, कोहळ्याचं सांबार आणि कोहळ्याच्या वड्या खायला लागलो. एका दुपारी विमल घास हातात धरून म्हणाली, "आपण शिवरामदादांची गिऱ्हाइकं खातोय गं."

कोहळा साधला, मग फुगा. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो फुटू न देता फेस काढायचा. मी दादांना बजावलं होतं की अजिबात बोलायचं नाही, सगळं लक्ष हातावर. ते ओठ घट्ट मिटून बसायचे, हात थरथरायचा आणि फुगा फाटकन फुटायचा. दर वेळी कंपाउंडर धावत यायचा. पाच दिवसांत फुग्यांचं पाकीट संपलं, दुसरं आणावं लागलं.

सहाव्या दिवशी मी पाणी आणायला बाहेर गेले. परत येते तर आतून शिवरामदादांचा आवाज. ते फुग्याशी बोलत होते! "काय शेठ, लई दिवसांनी आलात. ऐकलं का, दूधनाक्याच्या टांगेवाल्याचं घोडं काय करतंय ते?" आणि बोलता बोलता वस्तरा अलगद फिरत होता. तीस वर्षं त्यांचं तोंड आणि हात एकत्र चालले होते. एक बंद केलं तर दुसरं चालणार कसं? चूक माझी होती. मी दारातच हात मागे धरून उभी राहिले. त्या दिवशी फुगा स्वच्छ निघाला.

घरी जाऊन सांगितलं, तर नानांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "फुगा काय म्हणाला?"

*

परीक्षेची तारीख लागली. शिवरामदादांनी वार विचारला. मी शनिवार म्हटलं. ते इतके हसले की ठसका लागला.

"ताई, शनवारी माझ्या खुर्चीत माशी बसत न्हाय!"

हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सामंतबाईंच्यासुद्धा. शनिवारी दाढी करून घेणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठून आणायचा? तारीख बदलणार नव्हती. शेवटी दातार छाती पुढे काढून म्हणाला, आपण असलं काही मानत नाही, आपण बसू. आजपासून दाढी बंद. तीन दिवस तो आम्हाला रोज गाल दाखवायचा.

शनिवार उजाडला. परीक्षक आले. गंभीर चेहऱ्याचे, हातात फाईल. शेडच्या दाराशी शिवरामदादांची दोन जुनी गिऱ्हाइकं बघायला आली होती, दोघांची दाढी वाढलेली. खुर्ची मांडली, टॉवेल ठेवला, तुरटी ठेवली. तेवढ्यात दातार आला. त्याचे गाल आमच्या फुग्यासारखे गुळगुळीत होते.

विमलने त्याच्या गालाला बोट लावून पाहिलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "काल आई म्हणाली, उद्या परीक्षक येणार आणि उद्या शनिवार. आजच करून टाक. तिने पाणी तापवून आरसा मांडून ठेवला होता. मी विसरूनच गेलो गं, की ही दाढी आपली नाही."

शिवरामदादांनी दाराकडे पाहिलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, बसलो असतो रे, पण शनिवार आहे. दुसऱ्याने मान डोलावली. शिवरामदादांनी वस्तरा मिटला. त्यांना ते खरं कारण नाही हे कळलं होतं. मलाही कळलं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

नाना बाहेरच्या बाकावर बसले होते. शाळेत रजा टाकून माझी पिशवी घेऊन आले होते. ते उठून आत आले. पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "नाना, आज शनिवार."

"वार मला कळतात," नाना म्हणाले आणि त्यांनी मान मागे टाकली.

शिवरामदादांनी फेस लावला. एक गाल झाला, दुसरा झाला. परीक्षक दोन पावलांवर उभे होते, त्यांच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता. साहेबांसमोर बोलायचं कसं म्हणून शिवरामदादांनी ओठ घट्ट मिटले होते. वस्तरा हनुवटीखाली, गळ्याशी आला, आणि हात थरथरायला लागला. तिथेच थांबला. पात्याच्या टोकाशी फेस हलत होता. माझे हात पाठीमागून कधी सुटले मला कळलं नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं.

"कुमुद, हात मागे."

हे सामंतबाई बोलल्या नाहीत. नाना बोलले, ओठसुद्धा न हलवता. मी हात मागे घेतले. मग नाना छताकडे बघत म्हणाले, "हां शिवराम, ते दूधनाक्याच्या घोड्याचं काय ते राहिलं सांगायचं."

शिवरामदादांनी परीक्षकांकडे पाहिलं, मग नानांकडे. घसा साफ केला. "त्याचं असं झालं मास्तर," ते म्हणाले, "टांगेवाला रोज माझ्याकडं गप्पा मारत बसनार. घोड्याला सवयच लागली, दुकान आलं की थांबायचं." वस्तरा हलला. "एक दिवस टांग्यात नवरदेव. मुहूर्ताची घाई. घोडं आलं ते माझ्या दारात उभं. चाबूक मारला, हलंना. गूळ दिला, हलंना." वस्तरा गळ्यावरून सरळ वर आला. "शेवटी नवरदेव खाली उतरला, बसला माझ्या खुर्चीत. त्याची दाढी झाली आन मगच घोडं निघालं."

नानांचं पोट हसण्याने गदगदत होतं, पण मान दगडासारखी स्थिर होती. दारातलं एक गिऱ्हाईक मोठ्याने हसलं आणि दोन पावलं आत आलं.

तुरटी फिरली, टॉवेल फिरला. परीक्षक जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी नानांचा चेहरा या कानापासून त्या कानापर्यंत तपासला. हनुवटीच्या डाव्या बाजूला त्यांचं बोट थांबलं. तिथे एक लाल रेघ होती. शिवरामदादांचा चेहरा उतरला. परीक्षकांनी पेन उघडलं आणि नानांना विचारलं, "हे कापलंय ना?"

नानांनी माझ्याकडे हात केला, चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवला. शिवरामदादांनी धरलेल्या आरशात चेहरा नीट पाहिला. मग बेचाळीस वर्षं स्वतःची दाढी स्वतः करणारे माझे वडील म्हणाले,

"ते कालचं. माझ्या हातचं."